आधी प्रवासी

“त्याने बस उचलून फेकली, तेव्हा आत माणसं किती होती?” काकांनी विचारलं.

“रिकामी होती हो, काका.”

“कुणी सांगितलं? आतले दिवे चालू होते. रिकाम्या गाडीचे दिवे कुठला ड्रायव्हर चालू ठेवतो?”

ती खुदकन हसली आणि तिने फोनवर ते लिहून घेतलं. दर शुक्रवारी दुपारचा खेळ सुटला की दोघं थिएटरच्या कँटीनमध्ये बसत. काका मतं देत, ती ‘काकांचं मत’ म्हणून नेटवर लोकांना वाचायला देई. काकांना सिनेमातलं ओ की ठो कळत नसे, आणि वाचणाऱ्यांना नेमकं तेच आवडे.

“पाठलाग कसा वाटला?”

“वळणाच्या ऐन मध्यावर ब्रेक दाबतो आणि गाडी मुकाट ऐकते! आमच्या डेपोत याला हॉर्नसुद्धा कुणी वाजवू दिला नसता.”

“आणि खलनायक?”

“बोलतो फार. तेवढ्या वेळात माझा कंडक्टर अख्ख्या गाडीची तिकिटं फाडायचा.” काकांनी चहाचा घोट घेतला. “आणि मागच्या सिनेमात मेलेला तो चष्मेवाला याच्यात जिवंत कसा? म्हणे, दुसऱ्या विश्वातून आला. सोयीचं आहे बुवा! आमच्या विश्वात गेलेलं माणूस परत येत नाही.”

ती लिहायची थांबली. आजच्या सिनेमात नायकाच्या एका बाजूला स्वतःची मुलगी अडकली होती, दुसऱ्या बाजूला परकी. त्याने दोघींनाही वाचवलं. ती तेव्हा अंधारात रडली होती, आणि काकांना ते कळलं होतं.

“शेवट कसा वाटला?” तिने मान वर न करता विचारलं.

“खोटा,” काका म्हणाले.

वीस वर्षांपूर्वी काकांच्या बसने भर उन्हात पेट घेतला होता. प्रवासी आधी, ड्रायव्हर शेवटी, हा डेपोचा नियम. काकांनी दोन्ही दारं उघडून एकेकाला बाहेर ढकललं. पुढच्या बाकावर तेवढ्या दोन मुली राहिल्या. एक काकांची ठमी, सुट्टी म्हणून बापाबरोबर आलेली. दुसरी आईबरोबर चढलेली, आणि तासाभरात ठमीची जिवाभावाची मैत्रीण होऊन तिच्या शेजारी येऊन बसलेली. काकांनी परकीला बाहेर आणलं. ते परत वळले तोवर टाकी उडाली होती.

ती परकी आता समोर बसली होती. तिची आई बाहेर निघाली खरी, पण इतकी भाजली होती की त्याच रात्री गेली. तिला मावशीने वाढवलं, पण शाळेच्या फॉर्मपासून लग्नापर्यंत काका हवेतच. लोकांनी तर काकांना देव्हाऱ्यातच बसवलं. पोटची पोर मागे ठेवून प्रवाशाची वाचवली, असा माणूस शोधून सापडायचा नाही! बायकोने मात्र एवढंच विचारलं, “आपली का नाही?” काका काहीच बोलले नाहीत. ती भावाकडे गेली ती गेलीच. तेव्हापासून या पोरीशिवाय काकांना कुणी नव्हतं.

“काका, एक सांगायचंय.” तिने फोन उलटा ठेवला. “मला दिवस गेलेत. मुलगी झाली तर तिला ठमीचं खरं नाव देणार आहे. तुम्ही तिला सोडून मला निवडलंत. माझ्याकडे दुसरं काय आहे द्यायला?”

काकांना आनंद झाला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. इतकी वर्षं गप्प राहणं सोपं होतं. लोक बोलत, ते मान हलवत. पण आता एक न जन्मलेलं लेकरू ते नाव घेऊन आयुष्यभर वावरणार होतं. खरं सांगितलं तर ही उठून जाईल. आणि शुक्रवार सोडाच, पुढचा कुठलाच वार उरणार नाही.

“पोरी, मी तुला निवडलं नाही.”

तिने उलटा ठेवलेला फोन बाजूला सरकवला.

“डोळ्यांत धूर गेला होता. काही दिसत नव्हतं. दोघींचे केस सारखेच कापलेले. हाताला जी लागली ती ठमी समजून मी उचलली. बाहेर येऊन तोंड पुसलं, तेव्हा तू निघालीस.” त्यांचा आवाज फाटला. “तुझं तोंड बघून मला काय वाटलं ते तुला सांगू शकत नाही. माफ कर. नियम-बियम काही नव्हतं डोक्यात. मला माझीच पोर हवी होती.”

शेजारच्या टेबलावरचे कप कुणी तरी उचलून नेले.

“उचलताना मी विचारलंही होतं,” काका म्हणाले. “‘ठमे, तूच ना?’ ती ‘हो बाबा’ म्हणाली. म्हणजे तिथेच होती ती, वीतभर अंतरावर. तिने ओ दिली आणि माझा हात चुकला. तिचा तो आवाज रोज ऐकतो मी. तेवढाच उरलाय माझ्याकडे.”

तिने त्यांचा हात धरायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. चेहरा पांढराफटक पडला होता.

“तुमचा हात चुकला नव्हता, काका. तुम्ही तिलाच धरत होतात. मी तिला ढकलून मध्ये आले आणि ‘हो बाबा’ म्हणाले.”