सीट चार इंच पुढे

“एसीवर काट मार,” बालाजीराव म्हणाले. कनकाने वहीत एसीवर काट मारली.

“अप्पा, चेन्नईत एसीशिवाय?” नवीन वैतागला. “आणि अलॉय चाकं?”

“त्यांच्यावरही. चैनीची कामं अस्की नकोत, एकही नको.”

जेवणाच्या टेबलावर पंचावन्न हजारांचं अंदाजपत्रक तयार होत होतं. गाडी अठ्ठ्याहत्तर सालची फियाट. तिच्यात निस्सानचं इंजिन बसवायचं ठरलं होतं. पुदुपेटच्या जुन्या मालाच्या बाजारात ते गिअरबॉक्ससकट अठ्ठावीस हजारांना मिळत होतं.

नवीन दीड महिन्यात दोन वर्षांसाठी कोरियाला निघणार होता. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून दोनच इंजिनियर निवडले होते, त्यातला तो एक. मागे वेलचेरीच्या घरात राहणार आई-वडील दोघंच, आणि दारात गाडी बंद. वर्षभर बालाजीरावांनी तिला हात लावला नव्हता. “ओढत नाही डा, इंजिन गेलं,” एवढंच सांगत. गाडी रस्त्यावर आल्याशिवाय नवीनचा पाय घरातून निघणार नव्हता.

मेकॅनिक गुंडोने मात्र बॉनेट उघडून वेगळंच सांगितलं होतं. “इंजिनात जीव आहे सर. रिंगा बदलू. बारा हजारांत काम होईल.”

“नको, बदलायचंच,” बालाजीराव अडून बसले. “स्टिअरिंगजवळचा गिअर नको, खालचा हवा. क्लच एकदम हलका. ब्रेकला बूस्टर.”

जन्मभर रिक्षावाल्याशी एका रुपयासाठी भांडलेला हा माणूस. तो बारा हजारांचं काम सोडून पंचावन्न हजार खर्चायला निघाला होता. रिटायर झाल्यावर काहींना शौक सुचतात, असं म्हणून नवीनने नाद सोडला.

“पुढचं वाच,” बालाजीराव म्हणाले. कनकाने वाचलं. हल्ली घरात हे असंच चालायचं. ते सांगायचे, ती लिहायची, वाचायची. तीस वर्षं हेडक्लार्की केल्यावर दुसरं काय होणार, म्हणून नवीन त्यांना चिडवायचा.

“आता शेवटचं. ड्रायव्हरची सीट चार इंच पुढे घ्यायची. वर जाड गादी.”

“अप्पा, तुम्ही सहा फूट! गुडघे कानाला लागतील.”

“मी सांगट्लं ते लिही,” बालाजीराव कनकाला म्हणाले. तिने लिहिलं. लिहिताना ती हसली.

काम पाच आठवडे चाललं. खर्च तीन हजारांनी वर गेला, ते नवीनने घातले. आरटीओच्या खेपा घालून आरसी बुकात नवा इंजिन नंबरही चढवला. विमानाच्या आदल्या सकाळी गुंडो गाडी घेऊन आला. इंजिन इतकं गुपचूप चालत होतं की आल्याचं कळवायला त्याला हॉर्न वाजवावा लागला.

“घ्या अप्पा, पहिली फेरी तुमची,” नवीनने किल्ली पुढे केली.

बालाजीरावांचा हात किल्लीच्या बाजूने हवेतच फिरला. मग किल्ली सापडली. बॉनेटवर तळवा टेकत ते गाडीला वळसा घालून गेले, डावीकडचं दार चाचपून उघडलं आणि आत बसले. किल्ली त्यांनी उजव्या सीटकडे धरली.

कनका पायऱ्या उतरली. पदर कमरेला खोचून ती स्टिअरिंगमागे बसली. तिचे पाय पेडलपर्यंत नेमके पोचले. पर्समधून तिने कोरं करकरीत लायसन्स काढलं आणि डॅशबोर्डवर ठेवलं. तीन महिने ती पहाटे देवळात जाते म्हणून सांगत होती.

नवीन खिडकीशी वाकला. “अप्पा, डोळे... कधीपासून?”

“वर्ष झालं. गेलेलं परत येत नाही म्हणतात. उरलंय ते थेंब घालून टिकेल,” बालाजीराव म्हणाले.

“आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?”

कनकाने आरसा नीट केला. इंजिन चालू झालं.

“सांगट्लं असतं,” ती म्हणाली, “तर तू पहिली काट कोरियावर मारली असतीस, कण्णा.”