लहान्याची मिशी

हाक मारली की वर्षा वळून बघायची, पण बोललेलं तिला कळायचं नाही. डहाणूच्या शिबिरात कान तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "कान धड आहेत. आवाज आत जातो, पण पुढच्या नसेत शब्दांचा पार चुरा होतो. ओरडून उपयोग नाही. समोर बसून सावकाश बोला, ओठ बघून तिला कळेल."

"माझं कळतं तिला, बापाचंच कळत नाही," वर्षाची आई हिरी म्हणाली.

मॅडमनी वर्षाच्या बापाकडे, लहान्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. त्याच्या झुपकेदार मिशीखाली ओठ कुठे आहे, हे लग्नापासून हिरीलाही ठाऊक नव्हतं.

घरी सरावलीला परतताना लहान्याने मिशी उतरवली. मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर, त्यामुळे अख्खा पाडा दारात जमला. "म्हातारा कधी गेला?"

"मी जिता हाय अजून!" ओटीवरून म्हातारा खेकसला. सगळे हसले, सगळ्यांची तोंडं बघून वर्षाही हसली.

पाडा पांगला. वर्षा अंगणाच्या पार त्या टोकाला कोंबड्या डालत होती. ओटीच्या कडेला बसून लहान्या हिरीला अगदी हळू, जवळजवळ आवाज न काढता म्हणाला, "आपण गेल्यावर कसं व्हायचं गं हिचं? कोण बघेल हिला?"





तिकडून त्याच्या तोंडाकडे बघत वर्षा म्हणाली, "मी राहीन ना बाबा, एकटी."