ज्याने आणलं त्याने न्यावं

बिस्किटवाल्या शेठनी कचऱ्यावर झकास भाषण ठोकलं आणि सगळ्या शाळेला पुडे वाटले. खाऊन झाल्यावर केतकीने रॅपर कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डब्याने ते चघळून पाहिलं आणि थुंकून टाकलं.

"यातून पुन्हा काहीच घडणार नाही. ज्याने आणलं त्याने घरी न्यावं."

डब्याचा शब्द म्हणजे कायदा. पोरांनी रोजच्यासारखी रॅपरं मुकाट्याने दप्तरात कोंबली. केतकीच्या घरी तर पलंगाखाली आता जागाच उरली नव्हती. ती तडक शेठच्या गाडीकडे निघाली.

"केतकी, मागे फिर!" गुरवसर ओरडले.

"सर, हे आणलं कोणी?"

तिने रॅपर शेठच्या मांडीवर ठेवलं. वळून बघते तर अख्खी शाळा दप्तरं उघडून रांगेत उभी. आणि रांगेच्या शेवटी गुरवसर, स्वतःचे खिसे चाचपत.