साटंलोटं

सकाळी साडेदहाला बेल वाजली आणि नणंद बॅग घेऊन आत आली. एकटीच. तिचा तीन वर्षांचा मुलगा बरोबर नव्हता.

सून ओट्याशी होती. सात महिन्यांच्या मुलीला कडेवर सावरत तिने गॅस बारीक केला. "वहिनी, अशी अचानक? आणि आमचा भाचा कुठाय?"

दोघी एकमेकींना वहिनीच म्हणत. चार वर्षांपूर्वी साटंलोटं झालं होतं. हिचा भाऊ नणंदेचा नवरा, नणंदेचा भाऊ हिचा. दोन्ही घरं खूश होती: द्यायचं नाही, घ्यायचं नाही, एक लेक गेली की एक सून आली.

"ठेवून घेतला तुझ्या भावाने," नणंद खुर्चीत बसत म्हणाली. तिच्या डाव्या गालावर बोटं उमटली होती. "म्हणाला, तू जा, पोर जाणार नाही."

सुनेने भावाला फोन लावला. त्याने उचलला नाही. तिने फडकं भिजवून नणंदेच्या गालाला लावलं, मग चहा ओतला.

"बोलते मी त्याच्याशी. डोकं तापलं की त्याला भान राहत नाही. माझ्यासमोर मात्र शेपूट घालतो."

नणंदेने घोट घेतला. "चहा अजून पांचटच करतेस."

"फुकटचा आहे, पी गुपचूप."

दोघी हसल्या. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

सासूने लेकीला काहीच विचारलं नव्हतं. गाल पाहिला, एक फोन केला आणि बॅग उचलून ती आतल्या खोलीत गेली. सून दारात जाऊन उभी राहिली. नणंदेचे कपडे पलंगावर काढून ठेवले होते. रिकाम्या बॅगेत सासू दुसरे कपडे भरत होती. जड खाली, हलके वर. घड्या नेहमीसारख्याच नीट होत्या.

"आई, ते माझे कपडे आहेत."

"तुझेच आहेत," सासू म्हणाली. "स्वेटर घालू का एखादा?"

तेवढ्यात नवरा आला. लिफ्टदुरुस्तीचं काम अर्धवट टाकून आला होता. अंगावर कंपनीचा शर्ट तसाच होता. त्याने हाताचं ग्रीस धुतलं. बराच वेळ धुतलं.

"गाडी खाली लावलीय," तो म्हणाला.

"मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस."

"आपलं भांडण झालंय का?"

"नाही."

"मग?"

तो टॉवेलकडे बघत राहिला. "ताई परत आली ना. मग तू इथे कशी राहणार?"

नणंद उठली. "अरे, मी नवऱ्याशी भांडून आलेय. हिला घालवायला नाही आले."

"तू मध्ये पडू नकोस," सासू म्हणाली. "तू इथे बसायचं आणि त्यांनी तिथे मजेत राहायचं? त्यांची लेक त्यांच्या दारात उभी राहिली, की बघ कसे ताळ्यावर येतात."

सून मुलीला दुपट्यात गुंडाळू लागली. सासूने दोन्ही हात पुढे केले.

"ही राहील."

"अंगावर पिते ती, आई."

"आमचाही राहिलाय तिथे."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने बॅग उचलली.

संध्याकाळी सातला सून माहेरच्या खोलीत जमिनीवर बसली होती. मांडीवर भाचा होता. भावाने तिला दारात पाहून एवढंच म्हटलं होतं, "असं? मग आता आधी नाक त्यांनी घासायचं." त्यानंतर तो बाहेर निघून गेला होता. तिच्या कुडत्याला छातीशी दोन ओले डाग पडले होते.

फोन नणंदेचा होता. ती हलक्या आवाजात बोलत होती.

"झोपताना कान लागतो त्याला हातात."

"धरलाय माझा."

"बरं."

"आणि ती?"

मागे मुलीचं रडणं ऐकू येत होतं. आवाज बसला होता.

"बाटली तोंडात धरत नाही गं. चमच्याने पाजलं, तेही ओकली."

"मी निघते. रिक्षाने येते."

"दाराला आतून कुलूप आहे, वहिनी. किल्ली आईकडे आहे."