बंदीची जागा

माशांना आसरा म्हणून पाचूबंदरच्या समुद्रात सिमेंटच्या कृत्रिम भित्तिका सोडायचं ठरलं. त्याआधी पाहणीला उतरलेल्या पाणबुड्यांना तळाशी एक बोट सापडली. नऊ वर्षांपूर्वी वादळात शकूचा नवरा जिच्यासकट बुडाला, तीच. बोटीत माशांनी घर केलं होतं. म्हणून ती आहे तिथेच ठेवायची आणि भोवताली एक किलोमीटर मासेमारीला कायमची बंदी, असा हुकूम निघाला.

सगळं बंदर खवळलं. मच्छीमार सोसायटीचा भूपेश हरकतीचा अर्ज घेऊन आधी शकूकडेच आला. तिचं घर मासळी विकूनच चालायचं, आणि आजवरच्या प्रत्येक मोर्चात ती पुढे असायची.

"काकी, पयली सही तुमची. बोट पन तुमचीच हाय."

शकूनं अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"म्हंजे आता तिथं कोनीच जालं टाकनार नाय?"

"नाय ना. टाकलं तर गुन्हा."

तिनं कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

"मंग ऱ्हाऊ दे बंदी. नऊ वरसं रोज आपलीच जाली त्याच्या अंगावरनं जात व्हती."