भंगारातला प्रोसेसर

“तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र आलं तर समोरच्या तालमीची जर्सी घालून मी चौकात नाचतो, जा!” आबा ओरडला. “न्हाय आलं तर तू नाचायचं. आन् दुकानाचा बोर्ड उतरवायचा.”

“लागली पैज,” कामिल म्हणाला.

शिवाजी पेठेत दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. लहानपणी एकाच तालमीकडनं फुटबॉल खेळलेले. समोरच्या तालमीकडून फायनल हरल्यापासून आबा त्यांच्या गल्लीतनं चालतसुद्धा नव्हता.

पण आठवडाभर त्याचा राग कामिलवर निघत होता. कामिलच्या कॉम्प्युटरच्या दुकानासमोर उभा राहून तो गिऱ्हाइकांना अडवायचा. “पावणं, इथं नको. ह्यो भंगारातनं सर्व्हरचा प्रोसेसर आणतोय आन् घरच्या कॉम्प्युटरच्या डब्यात कोंबतोय.” गिऱ्हाइकं परत जायची. कामिलचं डोकं तापायचं.

आबाचं अगदीच खोटं नव्हतं. कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेला प्रोसेसर कामिलनं आणला होता. ताकद बैलाची, पण त्याला स्वतःहून चित्र दाखवता येत नाही. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. गेम खेळणारी पोरं वापरतात तसलं कार्ड कामिलनं जोडलं. पंखे गरगरले, पडदा काळाच.

“आन् लिनक्स-बिनक्स न्हाय चालायचं,” आबानं वर अट घातली. “विंडोज पायजे. तीबी नवीनच.”

शनिवारी आबाची पोरगी सोनम लॅपटॉप घेऊन दुकानात आली. “काका, ह्याचा पंखा लय आवाज करतोय. बघा की.”

बाहेर तिचा बाप एका म्हातारीवर खेकसत होता. म्हातारी माघारी फिरली. सोनमनं दात आवळले.

“घरातबी असंच हाय, काका. कुणाचं ऐकतच न्हाईत.”

रविवारी मॅचच्या आधी दुकानासमोर पेठ जमली. ज्ञानू चहावाला खांद्यावर जर्सी टाकून पंच म्हणून उभा.

कामिलनं बटण दाबलं. डब्यातले पंखे घोंगावले. पडदा काळा.

“नाच!” आबा गरजला. “आधी बोर्ड उतरव, मग नाच!”

“दम धर की लेका!” कामिल काउंटरखाली वाकला, काहीतरी चाचपलं, एक शिवी हासडली आणि वर आला.

पडद्यावर विंडोज उमटली. नवीनच. मग गाड्यांचा गेम सुरू झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आबानं पडद्याला नाक लावलं. “कोपऱ्यात ही बॅटरी कसली रं?”

“यूपीएसची. लाइट गेली तर? डबा उघड, बघ. वायर न् वायर तपास.”

“त्या भंगाराला मी बोटबी लावणार न्हाय!”

“मग घाल जर्सी.”

आबा लालबुंद झाला. जर्सी पोटावर अडकली, ज्ञानूनं ती खाली ओढून दिली. चौकात हलगी कडाडली.

“म्हण, जुळतंय!” ज्ञानू ओरडला.

“जुळतंय!” आबा दातओठ खात नाचत होता. “सर्व्हरचं आन् घरचं जुळतंय! झालं समाधान?”

माघारी गेलेली म्हातारी पुढं उभी राहून टाळ्या पिटत होती. अख्खी पेठ तिकडं वळली होती.

सोनम गपचूप काउंटरखाली वाकली, पडद्याची वायर आपल्या लॅपटॉपातनं उपसली आणि लॅपटॉप पिशवीत टाकला. पडदा पुन्हा काळा झाला. डब्यातले पंखे घोंगावतच राहिले.