अंगणाकडची खोली

“नाही, माहेरची खोली अंगणाकडेच हवी. दार चांगलं रुंद ठेवा, उंबरा अजिबात नको. आणि बाथरूमलाही—”

थोरली स्वयंपाकघराच्या दारात दिसताच धाकटीने फोन बंद केला आणि रिकाम्या कढईत उगाच झारा फिरवला.

“कोण गं?” थोरलीने विचारलं.

“ऑफिसमधलं, ताई.”

ऑफिसात उंबरे असतात हे थोरलीला नवीनच होतं. तिने भांडी लावायला घेतली आणि जरा जोरातच लावली.

नव्या घराचा नकाशा सोमवारी मंजुरीसाठी पालिकेत जायचा होता. त्याचं सगळं धाकटीकडे होतं, कारण तिला म्हणे त्यातलं कळतं. या घरात सगळ्यातलं धाकटीलाच कळायचं. पडदे घ्यायचे तरी सासूबाई म्हणायच्या, “धाकटीला येऊ दे.” आधी लग्न होऊन आली ती थोरली, पण तिला विचारून कुणी भिंतीत खिळा ठोकल्याचं तिला आठवत नव्हतं.

नकाशात दोघी जावांच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या, अगदी सारख्या. सासूबाईंची खाली, हॉलला लागून. आणि अंगणाकडे, सकाळचं ऊन थेट आत येईल अशी आणखी एक. तिच्यावर नुसतं ‘खोली’ एवढंच लिहिलेलं.

“पाहुण्यांना होईल,” असं धाकटी म्हणाली होती.

पाहुणे! म्हणजे हिची आई. ती बाई अजून सायकलवरून बाजारात जाते आणि येताना दोन्ही हँडलला पिशव्या लटकावून आणते. तिला कशाला हवं रुंद दार? सायकल आत घ्यायची असेल!

थोरलीला हसू आलं नाही. मागे एकदा गच्चीवर चादर पिळताना ती धाकटीजवळ बोलून गेली होती. आई पडली तेव्हापासून भावाकडे तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली आहे, लिफ्ट नाही, वहिनीचं तोंड सदा वाकडं. एकदा तरी आईला जमिनीवरच्या, उन्हाच्या खोलीत आणून ठेवायचंय. पण या घरात विचारणार कुणाला? धाकटीने तेव्हा चादरीला एक पीळ जास्त दिला होता आणि काही म्हटलं नव्हतं.

काही म्हटलं नाही, पण लक्षात बरोबर ठेवलं. माझंच मनातलं उचललं आणि स्वतःच्या आईला देऊन मोकळी झाली! थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शुक्रवारी धाकटी कामावर गेल्यावर ती आर्किटेक्टकडे जाऊन बसली. टेबलावर नकाशा पसरलेला होता. तिला पाहून त्याने तो गुंडाळायला घेतला.

“राहू द्या,” थोरली म्हणाली. “माझ्यापासून काय लपवताय?”

“तसं नाही, पण धाकट्या वहिनींनी बजावलंय. तुम्हाला इतक्यात काही कळू द्यायचं नाही.”

“मला सगळं कळलंय. खोली कुणाच्या माहेरची, तेसुद्धा.”

आर्किटेक्टचा चेहरा एकदम मोकळा झाला. “बरं झालं बाई! गुपितं सांभाळायचा मला फार ताप होतो. मग, पसंत आहे ना?”

“थोडे बदल आहेत. आमच्या ह्यांनीच सांगितलंय.” ह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते कुठल्याही कागदावर न वाचता सही करायचे. “बाथरूमचं दार एवढं मोठं कशाला? दोन फूट पुरे. ही खिडकी बंद करा, तिथे भिंतीतलं कपाट येऊ दे. आणि खोली जरा उंचावर घ्या. तीन पायऱ्या चढून जायचं.”

त्याने पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. “पायऱ्या? त्यांना जमतील?”

“न जमायला काय झालं? सायकल चालवतात त्या!”

“सायकल?” त्याने चष्मा वर केला. “मला काही वेगळंच सांगितलं होतं. चला, बरीच सुधारणा आहे म्हणायची. छान, छान.”

“फारच सुधारणा आहे,” थोरली म्हणाली. “आणि हे धाकटीला सांगायला नको. तिची पुन्हा धावपळ नको.”

“तुम्ही म्हणाल तसं. शेवटी तुमचाच शब्द.”

तुमचाच शब्द! या घराच्या बाबतीत हे तिला पहिल्यांदाच कुणी ऐकवलं होतं. परतताना तिने स्वतःसाठी चार चांगले पेरू घेतले आणि त्यातला एक रस्त्यातच खाल्ला.

सोमवारी दोन्ही भावांनी सह्या केल्या आणि नकाशा पालिकेत गेला. धाकटी संध्याकाळी आली ती उड्या मारतच. आल्या आल्या तिने थोरलीला मिठी मारली.

“ताई, झालं एकदाचं! आता तुम्ही बघाच.”

“बघू की,” थोरली म्हणाली. बघशील तूच, असं मनात म्हणाली. मग वरच्या खोलीत जाऊन तिने आईला फोन लावला. आज आईशी पोटभर बोलावंसं वाटत होतं.

“गेला का गं नकाशा?” आईने फोन उचलताच विचारलं.

“तुला कसं माहीत?”

आई हसली. पडल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. “तुझ्या जावेने शपथ घातली होती, राहायला जाईपर्यंत तुला सांगायचं नाही म्हणून. पण माझ्या पोटात कुठलं राहायला! सासूबाईंनाही तिनेच राजी केलं म्हणे. परवा फोन करून माझ्या चाकाच्या खुर्चीचं माप घेतलंन. म्हणाली, ‘एकसुद्धा पायरी ठेवली नाही हं, आई. खुर्ची थेट उन्हात जाईल.’”